वक्ता कोण? : समाजमाध्यमांतील उक्ती, तिचे कर्तृत्व आणि कायदा

१

मे २०२२ च्या पहिल्या पंधरवड्यात महाराष्ट्रात दोन पद्यरचना गाजल्या. दोहोंचा संबंध बारामतीच्या शरद पवार यांच्याशी होता. पहिली रचना जवाहर राठोड यांची ‘पाथरवट’ ही कविता. साताऱ्यातील एका भाषणात पवारांनी तिच्या आधाराने काही मजकूर सांगितला. त्या भाषणाचा तुकडा कापून तो ट्विटरवरून फिरवण्यात आला आणि देवदेवतांविषयीचे ते उद्गार पवारांचेच आहेत, असा त्याचा अर्थ लावला गेला. दुसरी रचना पवारांची निर्भर्त्सना करणारे एक पद्य होते. दूरचित्रवाणी अभिनेत्री केतकी चितळे यांनी ते फेसबुकवर प्रसिद्ध केले. त्याखाली नाव दुसऱ्याच व्यक्तीचे होते. १४ मे रोजी चितळे यांना अटक झाली आणि पुढे सुमारे चाळीस दिवस त्या कोठडीत राहिल्या.

वृत्तपत्रांनी या दोन घटनांकडे राजकीय कलहाचे दोन प्रसंग म्हणून पाहिले, आणि ते स्वाभाविकच होते. साहित्याच्या अभ्यासकाला मात्र त्यांत एकच प्रश्न दोन बाजूंनी उभा राहिलेला दिसतो. पहिल्या प्रसंगी कविता म्हणून दाखवणाऱ्याला तिचा कर्ता मानले गेले. दुसऱ्या प्रसंगी उद्धृत करणाऱ्याला कर्त्याइतकेच जबाबदार धरले गेले. कवी, कवितेतील वक्ता, ती म्हणून दाखवणारा, ती पुढे पाठवणारा आणि ती छापणारा या पाच भूमिका वेगळ्या आहेत, हे साहित्यविचाराला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. समाजमाध्यमांत त्या एकमेकींत मिसळतात. हे मिसळणे कसे घडते, प्रकाशनव्यवहारावर आणि कायद्यावर त्याचा काय परिणाम होतो आणि समीक्षेला याबाबत काही सांगण्यासारखे आहे काय, याचा विचार येथे करावयाचा आहे.

२

रोलां बार्थ यांनी लेखकाच्या मृत्यूची घोषणा केली आणि १९६९ मध्ये मिशेल फुको यांनी ‘लेखक म्हणजे काय’ हा प्रश्न विचारला. तेव्हापासून कर्तृत्वाची चर्चा आपल्याकडे बहुधा पाश्चात्त्य परिभाषेतच होत आली आहे. प्रस्तुत प्रश्नासाठी मात्र आपल्या परंपरेतील दोन संकल्पना अधिक उपयोगी ठरतात.

पहिली मम्मटाची. ‘काव्यप्रकाशा’च्या तिसऱ्या उल्लासात आर्थी व्यंजनेचा विचार करताना मम्मट सांगतो की, वाच्यार्थापलीकडचा अर्थ प्रतीत होतो तो वक्ता, बोद्धव्य म्हणजे ज्याला उद्देशून बोलले जाते तो, काकू म्हणजे स्वराचा चढउतार, वाक्य, वाच्य, दुसऱ्या कोणाचे सान्निध्य, प्रस्ताव म्हणजे प्रसंग, देश आणि काल इत्यादींच्या वैशिष्ट्यामुळे. यांपैकी एखादा घटक बदलला तरी तेच वाक्य दुसरा अर्थ देऊ लागते. ध्वनीच्या विवेचनात याच परंपरेने आणखी एक भेद केला आहे. स्वतः कवीच्या प्रौढोक्तीने सिद्ध होणारा अर्थ वेगळा आणि कवीने निर्माण केलेल्या वक्त्याच्या, कविनिबद्ध वक्त्याच्या, प्रौढोक्तीने सिद्ध होणारा अर्थ वेगळा. पात्राचे बोलणे कवीच्या माथी मारू नये, एवढी साधी गोष्ट या अवघड नावाच्या भेदात सांगितलेली आहे.

दुसरी संकल्पना नाममुद्रेची. तुकारामांची पालखी आषाढीला बारामती, सणसर, बेलवडी, निमगाव केतकी, इंदापूर या वाटेने पंढरपूरकडे जाते. तिच्याबरोबर चालणारे हजारो वारकरी ‘तुका म्हणे’ असे गातात. पण गाणारा स्वतःला तुकाराम समजत नाही आणि ऐकणाराही त्याला तुकाराम मानत नाही. अभंगाच्या अखेरची मुद्रा हे काम करते. तीमुळे उक्ती गळ्यागळ्यांतून फिरते आणि तरीही आपल्या कर्त्याला चिकटून राहते. ही व्यवस्था निर्दोष होती, असे नव्हे. तुकारामांचे अभंग स्वतःच्या नावावर खपवणाऱ्या सालोमालोची कथा परंपरेनेच जपली आहे. नामदेव आणि विष्णुदास नामा यांच्या रचनांची सरमिसळ सोडवताना संशोधकांचे किती श्रम खर्ची पडले, हेही सर्वज्ञात आहे. तथापि मौखिक परंपरेपाशी वहन आणि कर्तृत्व यांतील फरक सांगणारी एक खूण होती आणि ती खूण वाचणारा श्रोतृवर्गही होता.

समाजमाध्यमांवर संहितांची ने-आण मौखिक परंपरेच्या वेगाने होते, पण मुद्रा गळून पडते. पु. ल. देशपांडे यांनी कधीही न लिहिलेली वाक्ये त्यांच्या छायाचित्रासह फिरतात आणि एखाद्या हयात कवीची कविता ‘अज्ञात’ म्हणून फिरते. व्हॉट्सअॅपने जुलै २०१८ पासून पुढे धाडलेल्या मजकुरावर तशी खूण दाखवण्यास सुरुवात केली. ही खूण मजकूर पाठवणाऱ्याचा नाही एवढेच सांगते. तो कोणाचा आहे, हे सांगत नाही. नाममुद्रेचे अर्धेच काम ती करते.

३

संदर्भ तुटला की अर्थ बदलतो, हे विधान आता इतके सरावाचे झाले आहे की, अडचणीत आलेला प्रत्येक वक्ता त्याचा आश्रय घेतो. म्हणून ‘संदर्भ’ या कल्पनेची परीक्षा एका अवघड उदाहरणावर करणे इष्ट आहे. असे उदाहरण इंदापूर तालुक्यातच सापडते.

एप्रिल २०१३ मध्ये, तीव्र दुष्काळाच्या काळात, तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी इंदापूर तालुक्यातील निंबोडी येथे सभेत भाषण केले. सोलापूर जिल्ह्यातील एक शेतकरी तेव्हा पाण्यासाठी मुंबईच्या आझाद मैदानावर उपोषणाला बसला होता. त्याचा उल्लेख करून, धरणात पाणीच नसेल तर काय करायचे, या आशयाचा जो ग्राम्य विनोद त्यांनी केला, त्याची चित्रफीत दूरचित्रवाणीवरून आणि यूट्यूबवरून सर्वत्र पोहोचली. त्यांना जाहीर माफी मागावी लागली आणि त्यानंतर कराड येथे यशवंतराव चव्हाण यांच्या समाधीपाशी त्यांनी एक दिवसाचा आत्मक्लेश केला.

मम्मटाचे घटक येथे लावून पाहू. वक्ता आपल्या परिचित मुलखातील नेता, बोद्धव्य म्हणजे समोर बसलेले गावकरी, काकू थट्टेची, देश उजनीच्या जलाशयाकाठचा तालुका. सभेतल्या रांगड्या बोलीची एक परंपरा आहे. तीत श्लील-अश्लीलाची सीमा लिखित भाषेहून सैल असते आणि वक्ता-श्रोते यांच्यातील जवळीक तीतून व्यक्त होते. फितीच्या मुंबई-पुण्यातील प्रेक्षकाला ही बोली केवळ असभ्य वाटली, तर तिचे भाषिक स्थान त्याला कळले नाही, असे म्हणता येईल. पण संदर्भाचे काम येथे संपत नाही. प्रस्ताव दुष्काळाचा होता. वक्त्याकडे राज्याचे अधिकारपद होते. ज्याच्यावर विनोद झाला तो समोर नव्हता आणि उत्तर देऊ शकत नव्हता. हे सारे घटक परत जागेवर ठेवले की उद्गार सौम्य होत नाही, उलट अधिक कठोर वाटतो. फितीत ऐकू येणारे श्रोत्यांचे हसणेही याच संदर्भाचा भाग आहे.

तेव्हा संदर्भ ही वक्त्याच्या बचावाची सबब नव्हे. ती अर्थनिर्णयनाची पद्धती आहे आणि तिचा निर्णय वक्त्याच्या बाजूने लागेल किंवा विरुद्धही लागेल. निंबोडीच्या फितीने अर्थ विकृत केला नाही, तर श्रोतृसमूह बदलला. ज्यांच्याविषयी बोलले गेले त्यांच्यापर्यंत ते बोलणे पोहोचले, आणि हे समाजमाध्यमांचे लोकशाहीला उपकारक असे कार्य मानावयास हवे.

४

‘पाथरवट’च्या प्रसंगात मात्र घडले ते याहून वेगळे. या कवितेतील वक्ता आहे दगड घडवणारा कारागीर. ज्या मूर्तींची तुम्ही पूजा करता त्या आम्ही घडवल्या आणि त्याच देवळांत आम्हाला मज्जाव, हे त्याचे गाऱ्हाणे. देवांविषयीचे त्याचे उद्गार उद्धट वाटतात. परंतु त्या उद्धटपणाची धार देवांवर रोखलेली नसून घडवणाऱ्याला बाहेर ठेवणाऱ्या व्यवस्थेवर रोखलेली आहे. कविनिबद्ध वक्त्याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण क्वचित मिळेल. कवी राठोड, वक्ता पाथरवट, म्हणून दाखवणारे पवार अशी ही तिहेरी रचना आहे. फितीने पहिले दोन स्तर काढून टाकले आणि तिसऱ्याच्या तोंडी पहिल्याचे शब्द ठेवले.

पवारांनी खुलासा केला, कवीचे नाव सांगितले आणि वाद राजकारणाच्या नेहमीच्या वळणाने पुढे गेला. या गदारोळात खरी हानी कोणाची झाली, याचा विचार कोणी केल्याचे दिसत नाही. नेत्याला खुलासा करण्यासाठी व्यासपीठ होते. पाथरवटाचे गाऱ्हाणे मात्र दोन्ही बाजूंच्या बोलण्यातून नाहीसे झाले. एका बाजूने ते निंदा ठरवले, दुसऱ्या बाजूने ‘ते माझे नाही, कवीचे आहे’ असे सांगितले. ते खरे आहे काय, हा प्रश्न चर्चेत आलाच नाही. ज्या कवितेचा विषयच श्रेय हिरावले जाणे हा आहे, तिच्याच वाट्याला हे आले. परिघावरील कवितेला समाजमाध्यमांनी वाचक मिळवून दिले, असे आपण नेहमी म्हणतो. येथे कविता लाखोंपर्यंत पोहोचली आणि कविता म्हणून ती वाचली गेली नाही.

चितळे यांनी प्रसिद्ध केलेल्या पद्यात असा स्तरभेद दाखवता येत नाही. त्यात कविनिबद्ध वक्ता नाही. वय आणि आजारपण यांवरून केलेली सरळ निर्भर्त्सना आहे. खाली दुसऱ्याचे नाव असणे म्हणजे वक्ता निर्माण करणे नव्हे. म्हणून ‘पाथरवट’साठी जो युक्तिवाद आपण करतो तो येथे जसाच्या तसा लागू करणे अप्रामाणिकपणाचे होईल. परंतु रचना हीन अभिरुचीची आहे हा समीक्षेचा निर्णय होय आणि अशा निर्णयाची अंमलबजावणी पोलीस ठाण्यात होऊ नये. अब्रुनुकसानीसाठी दिवाणी आणि फौजदारी असे दोन्ही मार्ग उपलब्ध असताना, समाजगटांत वैर पसरवण्याविषयीचे कलम लावून अनेक ठाण्यांत गुन्हे नोंदवणे, यात शब्दांच्या परिणामाचे मोजमाप कोठेच झालेले नाही.

त्याच महिन्यात नाशिक जिल्ह्यातील एका विद्यार्थ्याला ट्विटरवरील उद्गारासाठी अटक झाली. त्याने कोणाचेही नाव घेतले नव्हते. गांधी आणि त्यांचा मारेकरी यांच्या नावांना त्याने ‘बारामतीचा’ हे विशेषण जोडले होते. मुंबई उच्च न्यायालयाने जूनमध्ये, कोणाचेही नाव नसताना विद्यार्थ्याला इतके दिवस तुरुंगात का ठेवले, असे विचारले आणि त्याची सुटका झाली. सुटका योग्यच होती. पण ‘नाव नाही’ हे कारण साहित्यशास्त्राला पटणारे नाही. मंच ओरडतात असे म्हटल्यावर मंचावरची माणसे ओरडतात हे लक्षणेने कळते. तसेच मराठी राजकीय बोलीत ‘बारामती’ हा शब्द गावापेक्षा व्यक्तीचा आणि घराण्याचा वाचक झालेला आहे. अर्थ स्पष्ट होता, आणि तो हिंसेकडे बोट दाखवणाराही होता. विचारावयाचा प्रश्न वेगळा होता : हा वक्ता कोण, त्याचे ऐकणारे कोण, त्याच्या शब्दाने कोणी शस्त्र उचलील असा प्रस्ताव होता काय? या कसोटीवरही सुटकाच झाली असती, पण पुढच्या प्रकरणाला उपयोगी पडेल अशा कारणाने.

५

या गोंधळाचे मूळ प्रकाशनव्यवहारातील एका बदलात आहे. १८६७ च्या मुद्रण व ग्रंथनोंदणी कायद्याने प्रत्येक पुस्तकावर मुद्रकाचे नाव आणि मुद्रणस्थळ, तसेच प्रकाशकाचे नाव आणि स्थळ छापणे बंधनकारक केले. वसाहतीच्या सत्तेला नियंत्रण हवे होते म्हणून हे झाले. तथापि त्यामुळे प्रत्येक संहितेमागे उत्तरदायी व्यक्ती उभी राहिली. १ मार्च २०२४ पासून या कायद्याची जागा नियतकालिकांपुरत्या नव्या कायद्याने घेतली आणि पुस्तके त्याच्या कक्षेबाहेर गेली. छापील शब्दाबाबतही एक कालखंड संपला, असे म्हणावयास हरकत नाही.

जुन्या प्रकाशकात तीन कार्ये एकवटली होती. तो संहितेची निवड करी, तिचा प्रसार करून त्यातून उत्पन्न मिळवी आणि तिची जबाबदारी घेई. समाजमाध्यमांत ही कार्ये विभागली गेली. निवड पुढे धाडणारा सामान्य माणूस करतो. प्रसार आणि उत्पन्न व्यासपीठ चालवणाऱ्या कंपनीकडे जाते. जाहिरातीचा व्यवहार लक्ष वेधण्यावर चालत असल्यामुळे क्षोभ निर्माण करणारा तुकडा अखंड भाषणापेक्षा तिला अधिक किफायतशीर पडतो. जबाबदारीबाबत मात्र माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चे कलम ७९ या कंपनीला मध्यस्थ मानून, काही अटींवर, दायित्वातून मुक्त ठेवते. परिणामी ज्याला लाभ होतो तो मुक्त आणि ज्याला काहीच मिळत नाही तो आरोपी, अशी विपरीत स्थिती उत्पन्न झाली आहे.

मराठी ग्रंथव्यवहारालाही ही विभागणी जाणवते. पुस्तकाची जाहिरात म्हणून कवितेच्या चार ओळी चित्रासह सोडल्या जातात. त्या ओळी पुस्तकाच्या आधी, पुस्तकाशिवाय आणि पुष्कळदा कवीशिवाय फिरू लागतात. प्रताधिकार कायदा, १९५७ चे कलम ५७ कर्त्याला आपले कर्तृत्व मान्य करून घेण्याचा हक्क देते. त्याच कायद्याचे कलम ५२ प्रकाशित साहित्यातील वाजवी उताऱ्याचे जाहीर वाचन उल्लंघन मानत नाही. म्हणजे कर्ता आणि वाचून दाखवणारा यांतील भेद या कायद्याला मान्य आहे. फौजदारी कायद्याच्या व्यवहारात मात्र तो विसरला जातो.

६

न्यायालयांनी हा भेद कसा हाताळला, हे पाहण्यासाठी छापील काळातील एका खटल्याकडे वळले पाहिजे. वसंत दत्तात्रेय गुर्जर यांची ‘गांधी मला भेटला’ ही कविता १९९४ मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेच्या नियतकालिकात छापली गेली आणि अश्लीलतेचा खटला उभा राहिला. १४ मे २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. खटल्यापूर्वीच बिनशर्त माफी मागणाऱ्या प्रकाशकाला त्याने मुक्त केले. कवीला मात्र खटल्यास सामोरे जावयास सांगितले. ऐतिहासिक आदरणीय व्यक्तीच्या मुखी कवी कोणतेही शब्द घालू शकत नाही, असा न्यायालयाचा रोख होता. दायित्वाची पायरी येथे पाळली गेली, पण कविनिबद्ध वक्त्याचा भेद नाकारला गेला. कवितेतला गांधी हा काळाचा विडंबक आरसा म्हणून योजलेला वक्ता आहे, हे साहित्याच्या अभ्यासकाला पटवून द्यावे लागत नाही. न्यायालयाला ते पटले नाही.

त्याच वर्षी, २४ मार्च २०१५ रोजी, श्रेया सिंघल प्रकरणात माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ रद्द झाले. पालघरमध्ये २०१२ साली फेसबुकवरील मतप्रदर्शनासाठी आणि त्याला पसंती दर्शवल्याबद्दल दोन तरुणींना झालेली अटक या खटल्यामागे होती. कलम गेले, तरी २०२२ च्या अटका दंडसंहितेच्या जुन्या कलमांखाली झाल्याच. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत तीच कलमे नव्या क्रमांकांनी नांदत आहेत.

पुढे धाडणाऱ्याविषयी मद्रास उच्च न्यायालयाने जुलै २०२३ मध्ये कठोर भूमिका घेतली : मजकूर पुढे पाठवणारा त्यातील आशय स्वीकारतो असे मानले पाहिजे. एका माजी आमदाराने महिला पत्रकारांविषयीचा अवमानकारक मजकूर फेसबुकवर फिरवला होता, ही पार्श्वभूमी पाहता त्या प्रकरणापुरता निर्णय समजण्याजोगा आहे. पण नियम म्हणून तो स्वीकारला, तर निषेधासाठी उद्धृत करणारा, अभ्यासासाठी संग्रह करणारा आणि गाणारा वारकरी हे सारेच आशयाचे धनी ठरतील.

याउलट आशादायक वाटावे असे दोन निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. अभय ओक व न्या. उज्ज्वल भुयान यांच्या पीठाने दिले. मार्च २०२४ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील एका प्राध्यापकाच्या व्हॉट्सअॅप स्टेटसवरील राजकीय टीकेबद्दलचा गुन्हा त्यांनी रद्द केला. २८ मार्च २०२५ रोजी इम्रान प्रतापगढी प्रकरणात, चित्रफितीच्या पार्श्वभूमीला उर्दू कविता वापरल्याबद्दलचा गुन्हा रद्द करताना त्यांनी ती कविता प्रत्यक्ष वाचली आणि तिच्या अर्थाची चर्चा केली. शब्दांचा परिणाम दुर्बल आणि चंचल मनाच्या माणसावरून न मोजता विवेकी, खंबीर माणसावरून मोजावा, ही त्यांनी मान्य केलेली कसोटी मुळात स्वातंत्र्यापूर्वी नागपूर उच्च न्यायालयात न्या. व्हिव्हियन बोस यांनी मांडली होती. साहित्यशास्त्राच्या भाषेत, हा सहृदयाचा विधीशास्त्रातील अवतार होय. दुखावला गेलो असे म्हणणारा प्रत्येक जण बोद्धव्य ठरत नाही, असे ही कसोटी सांगते.

७

या विवेचनातून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, उक्तीची जबाबदारी ठरवताना आधी तिचे स्तर वेगळे करावे लागतात. कवीने वक्ता निर्माण केला आहे काय. म्हणून दाखवणाऱ्याने ती आपली म्हणून सांगितली की दुसऱ्याची म्हणून. पुढे धाडणाऱ्याने तीत स्वतःचे काही घातले काय. तुकडा कापणाऱ्याने कोणता स्तर गाळला. यांतील शेवटच्या कृतीकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. वास्तविक फीत कापणे हीच एक संपादकीय आणि म्हणून कर्तृत्वाची कृती आहे. साताऱ्याच्या प्रसंगी नवा अर्थ कोणी निर्माण केला असेल, तर तो कापणाऱ्याने.

दुसरा निष्कर्ष समीक्षेविषयी आहे. ‘पाथरवट’वर वादंग माजले तेव्हा ती कविता काय म्हणते, तिच्यातला ‘आम्ही’ कोण, हे सांगण्याचे काम एका राजकीय नेत्यावर पडले. मराठीत समीक्षक आहेत, विद्यापीठीय विभाग आहेत, नियतकालिके आहेत; पण कवितेवर आरोप ठेवला जातो त्या क्षणी तिचे वाचन करून दाखविण्याची प्रथा आपण निर्माण केलेली नाही. निकालपत्रात काव्यार्थाची चर्चा न्यायाधीश करतात आणि आपण ती वृत्तपत्रांत वाचतो. मम्मटाचे घटक परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला ते एखाद्या फितीवर लावून पाहावयास सांगितले, तर शास्त्राचा उपयोग त्यालाही कळेल. पाथरवटाचे गाऱ्हाणे खरे की खोटे, हा मागे राहिलेला प्रश्न मग पुन्हा विचारता येईल. वाद कवितेवरून झाला असल्यामुळे तो आधी विचारला जावयास हवा होता.